शेवटचा घड कापेपर्यंत

“बाग उभी शे! मनी बाग आजून उभी शे! कोन म्हने कापाई गयी?”

अक्का ओरडत होत्या. ज्या खोलीत ओरडत होत्या ती काही गाण्यासाठी बांधलेली नाही आणि ओरडण्यासाठी तर मुळीच नाही; ती केळी पिकवण्यासाठी बांधलेली आहे. वीतभर जाडीच्या भिंती, खिडकी नाही, झरोका नाही, दार बँकेच्या तिजोरीला लाजवेल असं. आवाज घुमू नये म्हणून मी चारही भिंतींना गोधड्या टांगल्यात. त्या दिवशी गोधड्यांनीही हात टेकले. जळगावच्या मेहरूण तलावावरचे बगळे त्या आवाजानं उडाले. मी पाहिले नाहीत, खिडकीच नाही तर पाहणार कुठून, पण उडाले असणारच.

खुर्चीवर सुरतच्या कंपनीचा माणूस बसला होता, मांडीवर फाइल. मी उभा, गळ्यात हेडफोन, हातात पेन. आणि अक्कांच्या हातात मी सकाळी बसून लिहिलेला कागद: ‘माझ्याकडची सर्व गाणी देऊन झाली. बाग कापून पूर्ण झाली. आता माझं यांच्याकडे काही राहिलं नाही.’ मी सांगितलं होतं की ही नेहमीचीच पावती आहे, खाली सही ठोका. अक्कांना सही आणि एसटीची पाटी एवढंच येतं, असा माझा दहा वर्षांचा समज. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि एकेक अक्षर बोटाखाली दाबत सबंध कागद मोठ्यानं वाचला. मग ओरडायला लागल्या.

यात माझा गुन्हा किती आणि मामांचा किती, हे आपण वाचून ठरवा.

मी गाण्याच्या धंद्यात आलो तो केळीच्या धंद्यातून. मामा केळीचे व्यापारी, मी त्यांच्याकडे सौद्याच्या पावत्या लिहायचो. आमच्याकडे बाग उभी असतानाच उक्ती घेतात. व्यापारी बांधावरून एक चक्कर मारतो, दोन-चार घडांना टिचक्या देतो, शेतकऱ्याच्या हातावर हात ठेवतो, की झाला सौदा. पण व्यापाऱ्याची जात लबाड. मी त्याच घरात वाढलो म्हणून सांगतो. दणदणीत घड तेवढे कापून न्यायचे आणि भाव पडला की उरलेली बाग तशीच टाकून पळायचं. मग दुसरा कोणी त्या उष्ट्या बागेला हात लावत नाही आणि शेतकरी बसतो घड मोजत. म्हणून मामांच्या पावतीवर दुसरं कलम असायचं: ‘व्यापाऱ्याने शेवटचा घड कापल्याशिवाय बाग सोडू नये.’ आणि तिसरं: ‘पीलबागही याच सौद्यात.’ केळीचं झाड कापलं की बुडाशी पिलं फुटतात, त्यांची पुढच्या वर्षी बाग होते, ती पीलबाग. ही दोन कलमं मी इतक्या वेळा लिहिलीत की मी मेल्यावर कोणी माझ्या बोटांत पेन अडकवलं तरी हात आपोआप ‘शेवटचा घड’ असं लिहील.

पुढे हायवेवर मोठमोठी पिकवणीची चेंबरं झाली आणि मामांचं मेहरूणमधलं हे एवढंसं चेंबर बंद पडलं. मी त्यात माइक टांगला. आपलं लेबल! खानदेशी गाणी, खानदेशी मालक, मुंबई-पुण्याला विचारायचं नाही. भिंतीतला केळ्यांचा वास मात्र काही केल्या गेला नाही. गायक आत आला की पाचव्या मिनिटाला त्याला भूक लागायची. आमच्या पहिल्या चार गाण्यांत कान देऊन ऐकलं तर मध्येच पोटातली गुरगुर ऐकू येते. धुळ्याच्या एका बँडमास्तरनं मला फोन करून विचारलं होतं, “भाऊ, हे वाद्य कोणतं?”

अक्का आमच्या पहिल्या गायिका. चोपडा तालुक्यातल्या, दिवसभर केळीच्या बागेत मजुरी आणि लगीनसराईत हळदीची गाणी. त्यांच्यासारखा गळा सातपुड्यापासून पांझरेपर्यंत दुसरा नाही. त्यांनी वरचा सूर लावला की माझ्या मशीनचा काटा लाल घरात जाऊन हात जोडायचा. अशा माणसाशी लिखापढी हवी. मला आयुष्यात एकच लिखापढी येत होती. मामांचं पावतीपुस्तक काढलं, ‘केळी’ खोडून ‘गाणी’ लिहिलं, ‘शेतकरी’ खोडून ‘गायिका’. ‘व्यापारी’ तसंच ठेवलं, ते जुळतच होतं.

“दुसरं कलम वाच,” अक्का म्हणाल्या.

वाचलं.

“तिसरं?”

तेही वाचलं. त्यांनी मान डोलावली आणि सही केली. जन्मभर बागेत राबलेली बाई, तिला ती कलमं माझ्याआधीपासून पाठ होती. मी आपला खुशीत, की एवढा गळा एका पावतीत बांधला. कोण बांधलं गेलं ते कळायला मला पुढे वर्ष लागलं.

पहिलंच गाणं हळदीचं. ते असं उधळलं की काही विचारू नका. मोबाइलच्या दुकानांत लोक मेमरी कार्ड घेऊन रांगा लावायचे, डीजेवाले माझ्या लेबलचं नाव कापून स्वतःच्या नावानं वाजवायचे, नंदुरबारकडे एका नवरदेवानं हे गाणं लागल्याशिवाय हळद लावून घेणार नाही म्हणून पाटावर उपोषण केलं. हे शेवटचं मी ऐकलेलं आहे, पण दोन वेगवेगळ्या माणसांकडून.

मग मी अक्कांना म्हटलं, असंच आणखी एक द्या. अक्कांनी दिलं ते हरवलेल्या शेळीचं. मी रेकॉर्ड केलं. पुढच्या गुरुवारी पाण्याच्या टँकरचं. मग सुनेच्या मिक्सरचं. मग दिराच्या ट्रॅक्टरचं, ज्यात ट्रॅक्टरचे सगळे भाग एकेका कडव्यात येतात आणि त्याला भाग फार. दर गुरुवारी चोपड्याची बस, पिशवीत डबा, एक गाणं. बारा झाली तेव्हा मी धीर करून विचारलं, “संपली ना अक्का?”

“पिलं फुटनात भाऊ,” अक्का म्हणाल्या. तिसरं कलम!

कापलेला घड गाडीत भरायलाच लागतो, तसं रेकॉर्ड केलेलं गाणं बाहेर काढायलाच लागतं. मी काढत राहिलो. ऐकणारे दोन: एक मी आणि एक आमच्या घरातली, तीही पोळ्या लाटता लाटता. लेबल जगवायला मी काय नाही केलं! भंगारवाल्याच्या गाडीची आरोळी माझ्या चेंबरमध्ये झालीय, कुल्फीवाल्याची झालीय, निवडणुकीत समोरासमोरच्या दोन्ही उमेदवारांची रिक्षा माझ्याच आवाजात फिरलीय, आणि चौकात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तेव्हा मी स्वतःशीच भांडलोय. पण गुरुवार आला की सगळं बंद आणि अक्का. गुरुवारी मी गाव सोडू शकत नव्हतो. साडूचं तेरावं गुरुवारी आलं, मी गेलो नाही. साडू तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

अशात सुरतहून फोन आला. सुरतेत आपली खानदेशची माणसं वस्त्यांच्या वस्त्या भरून, त्यांना गाणी हवीत, कंपनीला लेबल हवं. सगळी गाणी, चॅनेल आणि वर मी: नोकरी, तिसऱ्या मजल्यावर खोली. त्यांनी मोबाइलवर खोलीचा फोटो पाठवला. तिला जमिनीपासून छतापर्यंत खिडकी होती. मी तो फोटो जेवताना पाहायचो, मिक्सिंग करताना पाहायचो. बायको म्हणाली, “पगार विचारलात का?” मी म्हटलं, “काच दुहेरी आहे.” ती म्हणाली, “खिडकीसाठी नोकरी धरणारे तुम्ही पहिलेच.” तिला काय सांगू? एवढी वर्षं त्या पेटीत दिवस काढलेल्या माणसाला पगार नंतर दिसतो.

कंपनीची अट एकच, कोणाचा जुना सौदा अंगावर नको. बाकी गायकांचं काही नव्हतं, अडकलं होतं ते अक्कांच्या पावतीत.

आधी मामांकडे गेलो. मामा अंगणात मेहरूणची वाळवलेली बोरं खात बसले होते. म्हटलं, “मामा, पावती माझ्याच हातची आहे. फाडली तर?”

“फाड की.”

“खरंच?”

“फाड. फक्त मी गेलो की खांदा द्यायला येऊ नकोस. बाग सोडून पळालेल्याच्या खांद्यावरून मला जायचं नाही.” असं म्हणून त्यांनी बी थुंकली, ती बरोबर माझ्या चपलेत.

मग धुळ्याला गेलो, देवपुरात एक वकील आहेत त्यांच्याकडे. त्यांनी पावती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, परत वाचली आणि “अहो, जरा बाहेर या” म्हणून स्वयंपाकघरातून बायकोला बोलावून तिलाही वाचायला दिली. दोघं डोळे पुसेपर्यंत हसली. वकील म्हणाले, “हा करार नाही, भाऊ. गाण्याला कधी घड लागतो का? कोर्टात नेलंत तर न्यायाधीश आधी डझनाचा भाव विचारतील. सुटलात तुम्ही. जा.”

पांझरेच्या पुलावर मी मुद्दाम थांबलो, सुटल्यासारखं वाटतंय का ते बघायला. पाचेक मिनिटं थांबलो. वाटेना. मागून टमटमवाले हॉर्न मारायला लागले तेव्हा निघालो.

त्याच दिवशी धुळ्यातच अक्कांच्या भावाच्या नातीची हळद होती. आनंदाच्या गर्दीत माणूस कशावरही सही करतो, या हिशेबानं खिशात कागद घेऊन मी थेट मांडवात. डीजेवर आमचंच गाणं चालू होतं. बायका अशा नाचत होत्या की शेजारच्या गल्लीतल्या टाक्यांचं पाणी हिंदकळत होतं. मला वाटलं, आज अक्का सोफ्यावर, गळ्यात हार, नवरीच्या बरोबरीनं. शोध शोध शोधलं. अक्का मांडवाच्या मागे आचाऱ्याजवळ सापडल्या, वांग्यांच्या ढिगाशेजारी, एकेक वांगं चिरून पाण्यात टाकत.

“अक्का! इथं काय बसलात? तिकडं तुमचंच गाणं चाललंय. चला, दोन ओळी म्हणा, मांडव फाटेल!”

“नही चालत.”

“कोण नाही म्हणतं? दाखवा मला.”

“कोनी नही म्हनत भाऊ. रीत शे.” त्यांनी डीजेच्या पेट्यांकडे सुरी केली. “डब्बाले चालस. माले नही.”

अक्कांचे मालक गेले ते आमचं गाणं बाहेर आलं त्याच साली. हे मला माहीत होतं, भेटायलाही गेलो होतो. पण विधवेनं हळदीला गाऊ नये, नवरीला तेल लावायची तेलण पाडू नये, पुढे येऊ नये, आणि म्हणून त्या सालापासून कुठल्याही हळदीला अक्कांना गायला बोलावलेलं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. माझ्याकडे येणारी बाई म्हणजे गुरुवार, एवढंच.

मी खाली बसलो. खिशातला कागद काढण्याऐवजी वांगं उचललं. दोघांनी मिळून ढीग संपवला. आत गाणं तीनदा लागलं, तिन्ही वेळा अक्कांनी मान वर केली नाही.

परतीच्या वाटेवर मला एक गोष्ट आठवली आणि पारोळ्यापर्यंत तिनं पिच्छा सोडला नाही. अक्कांच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी, शेळीचं असो की टँकरचं, गाणं संपल्यावर एक कडवं त्या तशाच उभ्यानं हळदीच्या चालीत म्हणायच्या. डोळे मिटून. मला वाटायचं, सवय आहे, गळा मोकळा करतात. मी ते दर गुरुवारी मिक्सिंगच्या वेळी कापून टाकायचो.

तर हे कळल्यावर माझं मन पालटलं असेल, असं आपल्याला वाटेल. नाही. मी उलट घाई केली. खोटं कशाला बोलू, त्या बाईचा हळदीचा सगळा पसारा आता माझ्याच चेंबरात येऊन बसलाय हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आता ही बाग माझ्या मरणापर्यंत कापून होणार नव्हती. मी सुरतच्या माणसाला गुरुवारीच बोलावलं आणि तो कागद नव्यानं, सुवाच्य अक्षरात लिहिला. ते सुवाच्य अक्षरच अंगलट आलं. नेहमीच्या गिचमिडीत लिहिला असता तर अक्काच काय, मलाही वाचता आला नसता.

अक्का ओरडून दमल्या तेव्हा सुरतचा माणूस गोडीत म्हणाला, “मावशी, तुमचं ते हळदीचं गाणं आम्ही घेणारच. पोस्टरवर तुमचा फोटो टाकू.”

“आन बाकीनं?”

“बाकीनी शी जरूर? गरजच काय? कोणी ऐकत नाही. काढून टाकू.”

अक्का बसल्या. आता त्या ओरडत नव्हत्या, आणि मला ओरडणं बरं होतं असं वाटायला लागलं.

तो माझ्याकडे वळला. “भाऊ, एकदम सोपं आहे. पावती कच्ची आहे असं तुमचा वकीलच बोलला ना? मग सही नकोच यांची. तुम्हीच लिहून द्या, की या बाईशी तुमचा कधी सौदा झालाच नाही. बस. सोमवारी खिडकीत बसा.” आणि कोरा कागद फाइलवर ठेवून पुढे सरकवला.

मी पेन उघडलं. तारीख टाकली. ‘मी लिहून देतो की’ इथपर्यंत आलो. अक्का माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पेनाकडे बघत होत्या, बागेत कोयता कुठे पडतो ते बघतात तशा. पुढचा शब्द लिहायचा तर पेन चालेना. शाई वाळली. हे मी आजवर ज्याला सांगितलं तो हसला, पण जळगावचा मे महिना ज्यानं काढला नाही त्याला काय कळणार? विहिरी आटतात, एवढीशी शाई ती किती टिकणार! सुरतच्या माणसानं स्वतःचं पेन दिलं, सोनेरी टोपणाचं. तेही वाळलं. मग मी टेबलावरची पेन्सिल घेतली, तर तिचं टोक मोडलं.

त्यानं माझ्या हातातून कागद सावकाश काढून घेतला. “भाऊ, लखवुंज नथी तो बोलो ने,” म्हणाला, लिहायचंच नाही तर तोंडानं सांगा. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, मालाची गाडी चुकल्यावर माणूस बोलतो तसा बोलला. सोनेरी पेन त्यानं जाता जाता फाइलवर ओढून पाहिलं. ठळक रेघ उमटली. आम्ही दोघांनी ती पाहिली.

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. बाहेर ऊन असं की डोळे उघडवेनात. त्याची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी उंबऱ्यावरच. मग दार मीच ओढून घेतलं, कारण उघडं राहिलं की आतला गारवा जातो.

आणि आत येऊन मी सुटलो. दहा वर्षांचं एका दमात. म्हटलं, “अक्का, काय केलंत माझं, कळतंय का? या डब्यात पिकून पिकून काळा पडलोय मी! माणसं दुबईला जातात, पुण्याला जातात, मी गुरुवारी शेजारच्या पिंप्राळ्यालासुद्धा जाऊ शकत नाही! मी मेलो तर लोकांना गुरुवार टाळून जाळावं लागेल मला! ट्रॅक्टरवर बावीस कडवी केलीत, बावीस, मी मुकाट्यानं घेतली! आज एक खिडकी येत होती घरात चालून, एक खिडकी, ती घालवली मी, आणि तुम्हाला त्याचं काही नाही! आता ना मी सुटतो ना तुम्ही. दोघं इथंच, या केळ्यांच्या वासात. यावर तुम्हाला काही म्हणायचंय का? काहीतरी म्हणा!”

अक्कांनी डोक्यावरचा पदर मागे सारून हेडफोन चढवला, माइक स्वतःच्या उंचीला खाली ओढला.

“मनी बस साडेपाचनी शे,” त्या म्हणाल्या.